दुपारी एकला कुठे असाल?

पहाटे ४.१५

जूनमध्ये कतारात सव्वाचारलाच फटफटतं. अल वक्राच्या आमच्या इमारतीखाली गाडीच्या काचेवरून रात्रीच्या दमटपणाचं पाणी ओघळत असतं. वायपर मारायचा, एसी लावायचा आणि निघायचं. बिरकत अल अवामेर इथून फार लांब नाही. दोहाच्या दक्षिणेला वाळवंट सपाट करून आखलेली ही गोदामांची वसाहत आहे. 'मनातिक' या सरकारी कंपनीने जेरी अल समूर, अबा सलील, अल वुकैर आणि हे अशी चार लॉजिस्टिक्स पार्कं दक्षिण भागात पाडून दिली. हमद बंदर याच अंगाला, त्यामुळे कंटेनर बंदरातून निघून आमच्या डॉकला लागायला वेळ लागत नाही. इथे झाड शोधू नये. सगळीकडे पांढरे पत्र्याचे डोंगर आणि त्यांच्यामधून जाणारे ट्रक.

मी एका गोठवलेल्या अन्नाच्या कंपनीत डिस्पॅच बघतो. फ्रेंच फ्राईज, चिकन नगेट, आइसक्रीम, मटार, पराठे. गिऱ्हाईक म्हणजे सुपरमार्केटं, शाळांची कँटीनं आणि हॉटेलं. दोहातल्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत मी पाय ठेवलेला नाही, पण त्यांचं मागचं दार मला पाठ आहे. कुठे डॉकला रांग लागते, कुठला स्टोअरकीपर थर्मामीटर खुपसून पाहिल्याशिवाय सही करत नाही, कुठे माल पाऊण तास उन्हात ठेवतात, हे सगळं. नावं मात्र विचारू नका, पोटावर पाय येईल.

५.००

आज गुरुवार. इथे शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे गुरुवारची ऑर्डर म्हणजे हॉटेलाने त्या आठवड्याबद्दल केलेला अंदाज. आतल्या उणे अठरा अंशांत जाड जॅकेट घातलेले नेपाळी पिकर पॅलेट लावतायत. रीच ट्रकवाला वरच्या रॅकमधून फ्राईज काढतोय. जुना माल आधी, नवा नंतर. मी दारात उभा राहून डिलिव्हरी नोटा तपासतो.

ऑर्डर वाचता आली की हॉटेल वाचता येतं. एखाद्या हॉटेलाची बीफ टेंडरलॉइन वाढली तर परिषद आहे. मफिन आणि क्रोसाँ वाढले तर विमानाच्या कर्मचाऱ्यांचा मुक्काम आहे. आणि फ्राईज, नगेट, आइसक्रीमचे छोटे कप अचानक दुप्पट झाले, तर समजायचं, पोरं येणार. महागडी जाहिरात बघून मला हॉटेलाबद्दल काही कळत नाही, पण आइसक्रीमच्या कपांवरून कळतं. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. कपांची ऑर्डर वाढते पण ताज्या फळांच्या तुकड्यांची, दह्याची वाढत नाही, अशा हॉटेलात लहान मुलाचं पोट दुसऱ्या दिवशी बिघडणार, असं माझं मत. आमच्या मल्याळी अकाउंटंटला ते पटत नाही. तो म्हणतो, मुलांचं पोट पाण्यात गटांगळ्या खाऊन बिघडतं.

यंदा हे शास्त्र मला घरी वापरायचंय. आई संगमनेरहून फॅमिली व्हिजिट व्हिसावर आलीये. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाचचा. जुलैत शाळेला सुट्टी लागली की सगळे भारतात, आणि आईचा हट्ट आहे की आषाढीच्या आत तिला घरी पोचवायचं. त्याआधी एक रात्र, फक्त एक, थीम पार्कच्या आवारातल्याच हॉटेलात काढायची, असं ठरलंय. कुठल्या, तेवढं राहिलंय.

७.३०

पहिल्या गाड्या गेल्या. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात बंदी असते, म्हणून पहाटेची ही घाई. आता करक चहाचा कागदी कप आणि अबू सम्रावरचा फोन.

अबू सम्रा म्हणजे सौदीची हद्द. दह्याचा आणि चीजचा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा ट्रक, तिथे रात्रीपासून अडकलाय. ड्रायव्हर पेशावरकडचा पठाण आहे. तो म्हणतो, "साहब, कागज अंदर है, मैं बाहर हूँ." रीफरचं मशीन चालू आहे का, तापमान किती दाखवतंय, डिझेल किती आहे, एवढं विचारून मी मंदूबला, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाला, फोन लावतो. कागद पुढे सरकवायचे ते त्यानेच.

या हद्दीची एक गोष्ट आहे. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली आणि जमिनीवरचा हा एकमेव दरवाजा बंद झाला. दूध विमानाने आलं, नंतर गाई विमानाने आल्या. त्याच्या आदल्या डिसेंबरात काम सुरू झालेल्या हमद बंदराने पुढचं ओझं उचललं. जानेवारी २०२१ मध्ये अल-उलाच्या करारानंतर दार उघडलं. आणि त्याच वर्षी, त्याच सरहद्दीजवळच्या किनाऱ्यावर, हिल्टन साल्वा बीच रिसॉर्ट सुरू झालं. त्याच्या आवारात 'डेझर्ट फॉल्स' नावाचं वॉटर पार्क आहे, पन्नासावर घसरगुंड्या आणि राईड्स. म्हणजे माझा पठाण ज्या वाळूत ट्रक उभा करून बसलाय तिथून जवळच लोक ट्यूबवर बसून लाटांवर तरंगतायत. माझ्या यादीतलं हे पहिलं नाव.

दुसरं नाव उत्तरेला, लुसैलमधलं: कतैफान बेटावरचं मेरयाल वॉटर पार्क आणि त्याच्या शेजारचं रिक्सॉस प्रीमियम. मेरयालच्या मधोमध तेलविहिरीच्या आकाराचा मनोरा आहे, 'रिग १९३८'. दुखानला पहिल्या विहिरीचं खोदकाम १९३८ मध्ये सुरू झालं, त्यावरून ते नाव. त्यातली एक घसरगुंडी ७६ मीटरच्या वर आहे आणि गिनेस बुकात तिची नोंद सर्वांत उंच म्हणून आहे. गंमत म्हणजे साल्वा काय आणि कतैफान काय, दोन्हींच्या मागे सरकारी कतारा हॉस्पिटॅलिटीच आहे. पैसे एकाच खिशात जाणार.

९.५०

दहाच्या आत उघड्यावरची कामं आवरायची. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, उन्हात काम बंद: २०२१ पासूनचा हा नियम. त्याखेरीज ऊन, दमटपणा आणि वारा धरून काढलेलं तापमान ३२.१ अंशांच्या वर गेलं तर घड्याळात काहीही वाजले असोत, काम थांबवायचं. निरीक्षक येतात आणि नियम मोडणाऱ्याचं काम बंदही पाडतात. आमच्या आवारातले पॅलेट लावणारे, कंटेनर धुणारे, सगळे आत येतात. फोर्कलिफ्टची चावी काढून माझ्या टेबलावर ठेवली जाते.

आणि इथेच मला हॉटेल निवडायची किल्ली सापडली. पोरांना घेऊन पार्कात जाणारा माणूस घसरगुंड्या मोजतो. त्याने मोजायचे ते हे साडेपाच तास. कायद्याने ज्या वेळात कसलेल्या मजुरालाही उन्हात उभं करायचं नाही, त्या वेळात तुम्ही पाच वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आईला घेऊन कुठे असणार आहात? पार्क सकाळी उघडल्यावर पहिला तास-दीड तास आणि संध्याकाळ, एवढीच खरी मजा. मधला वेळ कुठेतरी सावलीत, थंडाव्यात, ओले कपडे काढून काढावा लागतो. आवारातल्या हॉटेलाचे जे जास्तीचे पैसे आपण देतो ते त्या वेळाचे असतात. स्विमिंग पूल, नाश्त्याचे बावीस प्रकार, पलंगावर टॉवेलचा हंस, हे सगळं वरकड.

मग प्रश्न साधा होतो. पाण्यापासून खोलीपर्यंत, ओल्या पायांनी, दोन पोरं आणि एक म्हातारी घेऊन किती मिनिटं लागतात? आमच्या धंद्यात याला हाताळणी म्हणतात. माल जितक्या वेळा उचलून ठेवाल तितका तो खराब होतो. पार्कातून गाडीत, गाडीतून हॉटेलात, हॉटेलातून परत गाडीत, परत पार्कात: चार हाताळण्या. आवारात राहिलं तर दोन. पोरांच्या बाबतीत प्रत्येक हाताळणीला एक चप्पल हरवते.

१२.२०

डबा. मटकीची उसळ, पोळी, ताक. बाजूच्या टेबलावर खुबूस आणि दाल. बायकोचा फोन.

"अहो, ते अबू धाबीचं एकदा परत बघा ना. पोरगी सकाळपासून तेच लावून बसलीये."

अबू धाबीचं यास बेट मी पाहून ठेवलंय, कागदावर. फेरारी वर्ल्ड २०१० चं, यास वॉटरवर्ल्ड २०१३ चं, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड २०१८ चं आणि सीवर्ल्ड २०२३ चं. २०२५ च्या मे महिन्यात तिथेच डिस्नेलँड येणार अशी घोषणाही झाली. वॉर्नरचं पार्क पूर्ण छताखाली आहे, म्हणजे दुपारचा प्रश्नच मिटला. पण यासवरच्या हॉटेलांमध्ये एक मेख आहे. तिथली बरीचशी हॉटेलं २००९ च्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या निमित्ताने उभी राहिली, पार्कं मागून आली. त्यामुळे ती शर्यतीच्या ट्रॅककडे तोंड करून आहेत आणि पार्कापर्यंत बसने जावं लागतं. बस फुकट असते, पण बसच. पार्काला खरोखर चिकटून हवं असेल तर २०२१ मध्ये उघडलेलं डब्ल्यूबी हॉटेल. दुबईकडे गेलात तर लेगोलँडच्या दाराशीच २०२२ पासून लेगोलँड हॉटेल आहे. लहान मुलाला तेच सर्वांत सोपं, आणि वरच्या वर्गातल्या पोरीला ते बाळबोध वाटणार हेही नक्की.

"बघितलं," मी म्हणालो. "पण आईचं काय?"

आईचा कतारचा व्हिसा एकदाच आत येण्याचा आहे. बाहेर पडली की संपला. शिवाय तिला अमिरातीचा वेगळा काढायचा. गाडीने जायचं तर मधे सौदी, म्हणजे त्यांचाही. आखाती देशांसाठी एकच पर्यटक व्हिसा २०२३ च्या नोव्हेंबरात मंजूर झाला, तेव्हापासून आम्ही सगळे त्याची वाट पाहतोय. एका रात्रीसाठी एवढी पासपोर्टांची वरात काढायला मी तयार नाही.

"मग ते मुशैरिबचं?"

दोहा ओएसिस. तिथे 'दोहा क्वेस्ट' नावाचं छताखालचं पार्क आहे आणि त्याच संकुलात बनियन ट्री हॉटेल. रोलर कोस्टर आत, एसी आत, दुपार बाहेर. कागदावर हेच सर्वांत योग्य. पण ते आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. जे पार्क इतकं जवळ आहे आणि थंडही आहे, तिथे रात्रीचे पैसे द्यायचे कशासाठी? कुठल्याही शुक्रवारी दुपारी जावं, रात्री घरी येऊन वरण-भात खावा. हाच हिशोब मी कतैफानलाही लावतो. अंतर तसं जास्त, पण रस्ता सरळ. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाऊन यावं.

"आणि आई काय म्हणते?"

"आई म्हणतायत, आपल्या मालपाणींचं काही नाही का तिकडे?"

आईने आयुष्यात पाहिलेलं एकमेव थीम पार्क म्हणजे शिर्डीचं साईतीर्थ, आणि ते संगमनेरच्या मालपाण्यांचं. खोपोलीचं इमॅजिकाही २०२२ मध्ये त्यांच्याकडेच गेलं, हे तिला पाठ आहे. गावचा माणूस म्हणून अभिमान. इमॅजिका २०१३ चं, आणि दोन वर्षांनी त्याला लागून नोव्होटेल आलं. मराठी माणसाने पार्काच्या आवारात मुक्काम करायला सुरुवात केली ती बहुधा तेव्हा. त्याआधी १९८९ पासून आमच्या पिढीला एस्सेल वर्ल्ड ठाऊक: गोराईची बोट, डबा, दिवसभर उन्हात, संध्याकाळी शेवटच्या बोटीने परत. हॉटेलात राहायचा विचार कुणाच्या डोक्यात येत नव्हता. आला असता तरी वडिलांनी तो बोटीतून खाली टाकला असता.

१.१०

बाहेर ४५ अंश. आवारात कुत्रं नाही. खिडकीतून समोरच्या गोदामाचा पत्रा हलताना दिसतो, म्हणजे तो हलत नसतो, मधली हवा हलते. आत आम्ही स्टॉकमोजणीला लागतो. उणे अठरातून बाहेर आलं की चष्म्यावर धुकं बसतं. आत-बाहेर करणाऱ्या पोरांना सर्दी उन्हाळ्यातच जास्त होते, थंडीत नाही.

२.१५

फोन करायची हीच शांत वेळ. मी कोपऱ्यात जाऊन करतो, आणि खालच्या आवाजात. त्याला कारण आहे. सुट्टीच्या दिवसांत अशा रिसॉर्टात एका कुटुंबाची एक रात्र सहज हजार रियालच्या वर जाते. मार्च २०२१ पासून इथलं किमान मूळ वेतन महिन्याला हजार रियाल आहे. राहण्याचे पाचशे आणि जेवणाचे तीनशे कंपनीने सोय केली नसेल तर वरून. माझ्यापासून चार हातांवर जो मुलगा खोकी मोजतोय त्याच्यासमोर "सी व्ह्यू किती जास्त?" हे मोठ्याने विचारवत नाही.

रिझर्व्हेशनवाल्यांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत. पहिला: खोली तीनला मिळते, पण पार्कचं तिकीट त्या दिवशी सकाळपासून चालेल का? दुसरा: खोली दुपारी बाराला सोडल्यावर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पार्कात राहता येईल का? दोन्हींना हो असेल तर एका रात्रीत दोन दिवस पदरात पडतात. एकाला जरी नाही असेल तर दर उतरवून सांगितला तरी खोली महागच. उत्तर हॉटेलावर कमी आणि पॅकेजवर जास्त ठरतं. एकाच हॉटेलाच्या दोन पॅकेजांत एकात पार्क आहे, एकात नाही, आणि वेबसाइटवर दोन्ही शेजारी शेजारी एकाच फोटोखाली. म्हणून तोंडी 'हो'वर थांबायचं नाही. बुकिंगच्या कागदावर पार्कचं नाव आणि माणसांची संख्या छापून आली पाहिजे. डिलिव्हरी नोटेवर नाही ते गाडीत नाही.

तिसरा प्रश्न उंचीचा. मोठ्या घसरगुंड्यांना बहुतेक ठिकाणी १२० सेंटिमीटरच्या आसपास अट असते. मुलगी पार, मुलगा बराच खाली. म्हणजे आई-बापांपैकी एकजण कायम छोट्यांच्या तळ्यात बसणार. तो कोण, हे वेगळं सांगायला नको.

चौथा आईचा. रिक्सॉसची पद्धत सगळं धरून एकच दर अशी आहे: खाणं, पिणं, पार्क, सगळं त्यात. खाणाऱ्या कुटुंबाला ती परवडते. पण आमची आई माळकरी. मांस-मच्छी नाही, कांदा-लसूण चातुर्मासात नाही, एकादशीला तर साबुदाणा आणि दूध. घसरगुंडीच्या वाटेला ती जाणार नाही. अशा बाईचा पूर्ण दर भरायचा म्हणजे ग्रीलवरच्या कोळंबीचे पैसे वारकऱ्याकडून घ्यायचे. त्यापेक्षा जिथे खोली-नाश्ता वेगळा, पार्क वेगळं मोजता येईल तिथे आईचं फक्त खोलीचं आणि नाश्त्याचं भरावं. तिला हवी एक खुर्ची, सावली आणि समुद्र. साल्वाला किनारा साडेतीन किलोमीटरचा आहे. खुर्ची सापडेल.

आणि साल्वाच्या बाजूने सर्वांत मोठं कारण म्हणजे ते लांब आहे. दोहापासून शंभरेक किलोमीटर, सगळा सपाट रस्ता, दोन्हीकडे काही नाही. दिवसभर पाण्यात खेळून दमलेली पोरं मागे झोपलेली आणि मी पहाटे चारपासून जागा, अशा अवस्थेत तो रस्ता रात्री परत कापायचा नाही. जवळच्या पार्काला जाऊन यावं, लांबच्या पार्कात राहावं. निर्णय झाला. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. शुक्रवारपेक्षा दर उतरतो आणि पार्कातली गर्दीही. जोडखोली मागितली, मधलं दार उघडतं ती. पॅकेज घेतलं पार्कवालं, चौघांचं, आईचं पार्काशिवाय.

३.३०

चाव्या परत. फोर्कलिफ्ट चालू, आवारात माणसं, उलट्या जाणाऱ्या ट्रकांचं पीं पीं. बंदरावरून दोन चाळीस फुटी रीफर आलेत, ब्राझीलचं चिकन. दार उघडायच्या आधी सील तपासायचं, नंबर कागदाशी ताडायचा, मग आतल्या खोक्यात थर्मामीटर. एका कंटेनरच्या दाराजवळची रांग उणे चौदा दाखवते. फोटो काढून क्वालिटीला पाठवला. ती रांग वेगळी ठेवली. उरलेलं आत. यात दीड तास कसा गेला कळलं नाही.

५.४०

रजेचा अर्ज. दोन दिवस, शनिवार-रविवार. मॅनेजर लेबनीज आहे, माणूस चांगला, पण त्याला नकाशा तोंडपाठ आहे, हीच अडचण.

"साल्वा?" तो म्हणाला. "अबू सम्राजवळचं?"

"हो."

"शनिवारी सकाळी?"

मी काही बोललो नाही. दह्याचा रीफर अजून सरहद्दीवरच होता. मंदूबच्या म्हणण्याप्रमाणे आरोग्य दाखल्याची मूळ प्रत लागणार, आणि ती मॅनेजरच्या खणात.

"गाडी उद्यापर्यंत सुटली तर प्रश्नच नाही," तो खण उघडत म्हणाला. "नाहीच सुटली, तर तू त्याच रस्त्याने जातोयस."

मी पाकीट घेतलं. खोली तीनला मिळणार होती, पण पार्क सकाळपासून धरलं होतं. बायकोला फोन करून सांगितलं की पोरांना आणि आईला पार्कच्या दारात सोडेन आणि अर्ध्या तासात येतो.

"अर्धा तास म्हणजे तुमचा की घड्याळाचा?" तिने विचारलं.